सेवालालला परत न्या

ती. साडूभाऊ बबनराव यांस शेलूबाजारहून जगदेवचा रामराम. हिरीबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर? माझी तब्येत उत्तम होती, तुम्ही सेवालालला पाठवेपर्यंत.

तुरुंगातून सुटलेल्यांना तुमची संस्था हॉटेलचं काम शिकवते, मोठं पुण्याचं काम आहे. (मी जन्मात कुणाच्या वावरातली काकडी चोरली नाही, म्हणून मला कुणी काही शिकवलं नाही, ते जाऊ द्या.) सरावाला सेवालालला माझ्या हॉटेलात ठेवायला सांगितलंत, ठेवला. आता गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "सेवालाल हाय का आज?" गल्ल्यावर बसलेला मी कुणाला दिसतच नाही. बांधाच्या मारामारीत तो आत जाऊन आला, हे मीच चार जणांच्या कानात सांगितलं. लोक त्याला पाहायला आले आणि जेवून गेले. लग्नापासून हॉटेलचा घास न खाल्लेली आमची तुळसाबाई त्याच्या हातची वांग्याची भाजी पुन्हा वाढून घेते आणि वर मला विचारते, "तुमाले काहून नाही जमत असं?" साडूभाऊ, माझा नुसता जळफळाट होतो.

त्यात किन्हीराजा गावचा भंडारा आला. वांग्याची भाजी दरवर्षी माझी. यंदा मला रोडगे भाजायला दिले आणि भाजी त्याला. नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चाखायचं नाही, ही आपली रीत. तो पाणी आणायला वळला आणि मी त्याच्या कढईत ओंजळभर मीठ टाकलं. (देवानं पाहिलं असेल, पण चाखायचं त्याचंही बाकी होतं.) पंगत बसली. कुणाचं तोंड वाकडं होतं ते बघत मी उभा, तर लोक बोटं चाटून राहिले! तेव्हा सेवालाल सगळ्यांसमोर म्हणाला, "न चाखता मले मिठाचा अंदाज येत नाही, म्हून ते मालकासाठीच ठेवलं होतं. म्या सांगाच्या आंधीच त्यायनं टाकलं." झालं! लोकांनी त्याच्या मोठ्या मनाचंच कौतुक केलं.

आता सहन होत नाही. त्याला ताबडतोब परत न्या.

तुमचा,
जगदेव

ता. क. वाशीमचे देवेंद्रकुमार शेठ त्याला आपल्या भोजनालयासाठी मागताहेत, असं आत्ताच कळलं. अजिबात देऊ नका. वरचं सगळं रागात लिहिलंय, ते मनावर घेऊ नका.

पुन्हा ता. क. त्याला भागीदारी द्यायची आहे. तेवढं तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून निघत नाही. नवी पाटीसुद्धा रंगवून घेतली. 'जगदेव भोजनालय' मोठं आणि खाली 'सेवालाल' बारीक, असं पेंटरला बजावलं होतं. त्यानं नेमकं उलटं केलं. चूक माझीच, रंगवायच्या आधी त्याला जेवू घातलं.