उभी ठेवलेली इस्त्री

दि. ४ मार्च

चि. चिमणूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आईचे गुडघे कुरकुरतात, पण दिवसातून दोनदा जिना उतरल्याशिवाय तिला चैन पडत नाही. छोटी शाळेत जायला लागली आहे आणि घरी येऊन आम्हालाच शिकवते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. एवढा दांडगा गडी झालास, सरकारी पथकात गेलास, तरी मला चिमणू सोडून दुसरं काही लिहिता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

कामाचं आधी सांगते. चौदा तारखेला मला चौकशीला बोलावलंय. आमच्या शर्टांच्या कारखान्यावर छापा पडला, त्याची चौकशी. तुमच्या पथकानं लिहून दिलंय की तुझे भावोजी तापलेली इस्त्री घेऊन पथकातल्या माणसाच्या अंगावर धावले, म्हणून काठी चालवावी लागली. हे खरं धरलं तर त्यांच्यावर खटला होईल. ज्या माणसाला आज स्वतःच्या हातानं घास घेता येत नाही, तो तुरुंगात जाईल. त्यांच्या बाजूनं बोलणारी मी एकटी, आणि बायकोच्या बोलण्याला कोण विचारतं?

भेटायला येणारे म्हणतात, नशीब थोर, वाचले. त्यांच्या डाव्या कानाच्या वर कवटीचा तुकडा नाही. डॉक्टरांनी तो काढून ठेवलाय, सूज उतरल्यावर बसवतील म्हणतात. तोवर तिथली कातडी आत गेलेली असते आणि खोकला आला की वर येते. छोटी त्या बाजूला बसत नाही. मला ते ‘अहो बाई’ म्हणतात. काल मी विचारलं, मी कोण? तर फार अदबीनं म्हणाले, ‘तुम्ही इथल्याच ना?’ खालच्या दुकानाचं शटर ओढलं की हा माणूस पलंगाखाली शिरायला बघतो आणि मग मला चादर बदलावी लागते. रडायला मी मोरीत जाते, नळ सोडून.

आता त्या दिवसाचं. कागदपत्रं नसलेले कामगार शोधायला ते लोक आले, हे नंतर कळलं. भर दुपार होती, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. शटर धाडकन वर गेलं, दहाबारा जण आत घुसले आणि शटर पुन्हा खाली. हेल्मेट, तोंडावर काळं फडकं, नुसते डोळे दिसत होते. ‘खाली! सगळे खाली!’ मशीनं चालूच होती, कुणाला नीट ऐकू गेलं नाही, आणि ऐकू न येण्याची शिक्षा लगेच सुरू झाली. माझ्या शेजारी काज-बटणं करणारी पोरगी बसते. तिनं ‘माझे कागद घरी आहेत’ एवढंच म्हटलं. एकानं तिची वेणी धरून तोंड मशीनवर आपटलं. एकदा आपटून भागलं नाही, म्हणून पुन्हा. मी शिवत होते त्या कॉलरवर तिचं रक्त आणि दात पडले. मी उठायला गेले तर पाठीत काठी बसली आणि मी चिंध्यांत पालथी झाले. मानेवर बूट. ओरडायलाही श्वास पुरेना.

तिथून मला इस्त्रीचं टेबल सरळ समोर दिसत होतं.

तुझे भावोजी भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही हात वर आणि दोन्ही रिकामे. हातातलं काम तसंच टाकल्यामुळे इस्त्री शर्टावर पालथी राहिली होती. धूर निघायला लागला होता. तुमच्यातला एक उंच माणूस त्यांच्याकडे गेला. वाटेत टेबलाशी थांबला. इस्त्री उचलून उभी केली. बटण बंद केलं. मग वायर उचलून टेबलाच्या मागच्या बाजूला टाकली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

चिमणू, कारखान्यात इस्त्री कुणी उभी करत नाही. सगळे लोखंडी पत्र्यावर आडवी ठेवतात. उभी करायची, बटण बंद, वायर मागे, हे आपल्या आईचं. लोकांचे कपडे इस्त्रीला घेऊन तिनं आपल्याला वाढवलं आणि एवढं चुकलं की पाठीत धपाटा. सगळ्यांत जास्त धपाटे तू खाल्लेस.

इस्त्री उभी केलीस आणि मग मारलंस. पहिल्या घावाला ते भिंतीवरून घसरले. खाली पडल्यावरही तू मारलंस. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला, तो माझ्या कानातून जात नाही. शर्ट जळू दिला नाहीस रे, आणि ज्या माणसानं भरतीच्या आधी वर्षभर रोज पहाटे तुला मैदानावर पळवलं, त्याचं डोकं फोडलंस.

का? मी याच्यावर डोकं फोडून घेतलंय. तुमचा साहेब मागे उभा होता, म्हणून? आमच्याशी ओळख दिसली असती तर त्यानं तुझ्याकडेही कागद मागितले असते, म्हणून? की त्यांनी तुझे डोळे ओळखले आणि तुला नावानं हाक मारतील, याचीच भीती वाटली? त्यांचे ओठ हललेले मी पाहिलेत. मला तुझा राग येतो, आणि लगेच तू नीट जेवतोस की नाही हेही मनात येतं. या दुसऱ्या गोष्टीची मला चीड आहे.

आजोबा धाडीची गोष्ट सांगायचे, आठवते? घोड्यांवरून आले, धान्य नेलं, गाई नेल्या, त्यांच्या थोरल्या भावाला विहिरीत लोटलं. तोंडाला काजळी फासलेली. आपण विचारायचो, काजळी कशाला? तर म्हणायचे, ओळखीचे असायचे ना. आठवड्यानं गावातलाच एक जण त्यांचं मोडलेलं छप्पर घालायला मदतीला आला, तर त्याच्या कानामागे काजळी तशीच. पणजीनं ती पाहिली. तरी त्याला जेवायला वाढलं आणि पुढे आयुष्यभर वाढत राहिली. आजोबा हे मोठ्या कौतुकानं सांगायचे. मला आता त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. त्या विहिरीतल्या पोराचं कोण होतं मग?

मी तुला वाढणार नाही, चिमणू.

इस्त्री टेबलावर होती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तू स्वतः जाऊन सांगितलंस, तर खटला तिथेच कोसळेल. तुझी नोकरी जाईल, कदाचित तुलाच आत टाकतील, तुझ्या सोबतचे तुला जगू देणार नाहीत. हे सगळं मला कळतं. तरी सांग. नाही सांगितलंस, तर ‘कुणाला ओळखलंत का’ असं विचारतील तेव्हा मी तुझं नाव घेईन. तीन आठवडे मूग गिळून बसले, आता नाही.

आईला काल सांगितलं. तोवर ती शेजारणींना तुझा पथकातला फोटो दाखवत होती. मला वाटलं, छाती धरून बसेल, नाहीतर माझ्या पाया पडेल. ती तुझ्या भावोजींचं तोंड पुसत होती, ते आधी पुरतं पुसलं. मग म्हणाली, ‘त्याला आधी कळव. चोरून काही करायचं नाही.’

मी म्हटलं, कळवते.

त्यांचं पांघरूण सारखं करत म्हणाली, ‘आणि तिथे तू नाव घेऊ नकोस. उद्या तुला कुणी म्हणायला नको की नवऱ्यासाठी भाऊ दिला. मी येते बरोबर. मी जन्म दिलाय त्याला, नाव मीच घेईन.’

आज सकाळपासून ती गुडघ्यांना तेल चोळतेय. चौकशीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे मी तिला सांगून बसले. तिला तेवढे जिने चढायला लावायचे की नाहीत, हे आता तुझ्या हातात आहे.

चौदा तारखेला अकरा वाजता.

तुझी, आणि त्यांचीही,
ताई