निरोगी रक्ताची बाटली

सोमवार, ४ मार्च

चमकली! परत चमकली!

गरुडांनी 'स्वच्छ' म्हणून बाजूला काढलेला रुग्ण, आणि त्याच्याच रक्ताची माझी मलेरिया-चाचणीची नळी दिव्याखाली हिरवीगार! दुसऱ्यांदा लावली, तरी हिरवीच. आणि आज मोठ्या प्रयोगशाळेचा निकालही आला. त्यांचं ते महागडं मशीनसुद्धा म्हणतंय — मलेरिया! म्हणजे नळी खरी, काच खोटी.

गरुड म्हणजे आमच्याकडे सूक्ष्मदर्शकावर बसतात ते. उभा जन्म रक्ताच्या काचा बघण्यात गेला. नजर एवढी तेज की सगळे तोंडावरही गरुडच म्हणतात. मी निकालाचा कागद त्यांच्यासमोर नाचवला. म्हणाले, "एखादा निसटतो हो." मी म्हटलं, "एखादा? या महिन्यातला कितवा?" अर्धा चहा तसाच ठेवून उठले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

बुधवार, ६ मार्च

साहेबांनी आज हवा काढली. "पकडून दाखवलंस, ठीक आहे. आता न पकडून दाखव."

म्हणजे निरोगी माणसाला नळीने उगाच गोवता कामा नये. बरोबरच आहे त्यांचं. येईल त्याला आजारी म्हणणारी चाचणी काय चाटायची आहे? मंजुरी देणारी समिती वीस तारखेला बसतेय. पास झालो तर नळी आणि तिला तापवणारा ठोकळा धरणापलीकडच्या प्रत्येक दवाखान्यात जाईल. नापास झालो तर ठोकळा कपाटात, आणि ती सगळी माणसं पुन्हा काचेच्या भरवशावर.

माझी निरोगी बाटली आहेच तयार. गेल्या महिन्यात आम्हीच रक्त दिलं होतं — साहेब, गरुड, बाटल्या धुणाऱ्या मावशी, मी, सुई बघून खुर्चीला मिठी मारणारे आमचे नवरोबा, आणि धाकटी. माझी बहीण. धरणाकाठच्या शाळेत शिकवते, सुट्टीला आली होती तर तिलाही बसवलं. "नोकरी तुझी आणि रक्त माझं का गं, ताई?" म्हणत होती. प्रत्येकाची काच गरुडांनी बघून पास केली, मग सगळ्यांचं रक्त एकत्र करून फ्रीजरमध्ये. आता प्रत्येक फेरीत रुग्णांच्या नळ्यांशेजारी या बाटलीतली एक लावायची. ती न चमकता काळी राहिली तर फेरी खरी. ती राहीलच.

शनिवार, ९ मार्च

धाकटीला दिवस गेलेत! अजून फक्त मला सांगितलंय.

आधी दोनदा झालं आणि दोनदा गेलं. केवढ्या तपासण्या केल्या तेव्हा! आमच्याकडेही काचा आल्या होत्या. आमच्या धाकटीच्या म्हणून गरुडांनी पुन्हा पुन्हा बघितल्या. स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. तेव्हापासून ती कारण स्वतःतच शोधते. मी तेव्हा शाळेत जिने चढले म्हणून असेल का, मी रडले म्हणून असेल का... ऐकवत नाही. सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण नजर बोलते म्हणे.

आज आमचा जिना चढून आली तर धापा टाकत होती. चेहरा पांढराफटक. मी ओरडले, जेवत जा जरा नीट! ती हसली आणि म्हणाली, "या वेळी राहील ना गं?"

न राहायला काय झालं, म्हटलं. ती गेल्यावर दार लावून रडले.

मंगळवार, १२ मार्च

निरोगी बाटली चमकली.

गुरुवार, १४ मार्च

काय वाट्टेल ते करून झालं. टेबलं ब्लीचने पुसली, पिपेट बदलले, पाणी बदललं, शेवटी खोलीसुद्धा बदलली. नुसत्या पाण्याची नळी काळी राहते — म्हणजे हवेतून, हातातून काही जात नाहीये. आणि बाटलीतली लावली की हिरवी! हिरवी! हिरवी! ज्या रंगासाठी इतके दिवस जीव टाकला, त्याच रंगाची आता शिसारी येतेय.

साहेब म्हणाले, "कारण दे. नाहीतर मला 'भरवसा ठेवता येत नाही' असंच लिहावं लागेल." गरुड दारात उभे राहून अगदी गोड आवाजात म्हणाले, "निरोगी माणसंही आजारी निघाली वाटतं?" जळफळाट झाला नुसता. घरी आल्यावर तो नवऱ्यावर काढला. बिचाऱ्याने फक्त चष्मा कुठे आहे विचारलं होतं.

शुक्रवार, १५ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

भांडता भांडता सापडलं. सकाळी गरुड पुन्हा काहीतरी बोलले आणि माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर ओरडले, "बाटली स्वच्छ आहे असं तुम्हीच तर म्हणालात! तुमच्याच काचेवर विश्वास ठेवून—"

आणि तिथेच थांबले. तोंड उघडंच.

कसली गाढवं आहोत आम्ही! ज्या काचेतून जंतू निसटतात हे सिद्ध करायला बसलोय, त्याच काचेच्या दाखल्यावर बाटलीला निरोगी म्हटलं! एकालाही सुचलं नाही. साहेबांनाही नाही. परीक्षा ज्याची घ्यायची त्यालाच परीक्षक नेमलं की आम्ही!

गरुडांना माझ्याआधी कळलं होतं बहुतेक. स्टुलावर बसले हळूच. "म्हणजे आपल्यातच कोणीतरी आहे," म्हणाले. मग बाह्या वर केल्या. "टोचा बोट. माझ्यापासून सुरू करा." पहिल्यांदाच मला ते आवडले.

सोमवार, १८ मार्च

सगळ्यांचे ताजे थेंब घेतले. साहेबांनी स्वतः घेतले आणि नळ्यांवर नुसते आकडे घातले. कोणाचा कुठला, ते मला सांगणार नाहीत. "आपल्या माणसांचं रक्त ओळखून तपासलंस तर समिती हसेल." नवरोबांनी टोचून घ्यायच्या आधी मला कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगून टाकलं. नाटकी मेला! मावशी म्हणाल्या, माझ्यात निघाला तर आठवडाभर बाटल्या धुणार नाही, आधीच सांगते. धाकटी अर्धी रजा टाकून आली. सुईकडे बघत मला हळूच म्हणाली, "त्याला नाही ना काही होणार?" वेडी कुठली! एक तर थेंब.

मंगळवार, १९ मार्च

बाकी सगळ्या काळ्या. चार नंबर हिरवा!

पुन्हा लावला. चार नंबर हिरवा! मी मावशींना धरून गोल फिरवलं, त्यांच्या हातातला ब्रश उडाला. ती हिरवी खोटी नव्हतीच! सहा जणांच्या रक्तात मिसळून पातळ झालेला जंतूसुद्धा माझ्या नळीने सोडला नव्हता, आणि आम्ही तिलाच नावं ठेवत बसलो होतो!

गरुडांनी चार नंबरची काच मागून घेतली. दुपार गेली तरी मान वर नाही. एक संपली की दुसरी. डोळे लाल झाले. मी म्हटलं, राहू द्या आता. ऐकेनात. शेवटी खुर्ची मागे सरकवली. "या. बघा."

अख्ख्या काचेवर एक. एकुलता एक! एका पेशीत जंतूची बारीकशी अंगठी. "घ्या, जिंकलात," म्हणाले, आणि हात पुढे केला. मी हात न मिळवता वाकून नमस्कारच केला. एवढी नजर कोणाकडे आहे? पण किती जणांसाठी ते दुपारभर बसू शकतील?

कोण असेल चार नंबर? मला नवऱ्याचा संशय आहे. कुठेही टेकला की झोपतो. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ज्याचं त्याला डॉक्टर सांगतील, आधी तुला नाही," आणि फोन करायला बाहेर गेले. हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत म्हणा!

चार नंबर, तू जो कोणी असशील — तुझं रक्त माझ्या अगदी वेळेवर कामाला आलं बघ.

बुधवार, २० मार्च

पास! पास! पास!

समितीतल्या चष्मेवाल्या बाई पहिल्याच पानावर अडल्या. "तुमच्या निरोगी नमुन्यातच मलेरिया?" मी तोंड उघडायच्या आत गरुड उठले. "बाई, चूक नळीची नाही. ती बाटली मी स्वच्छ म्हणून पास केली होती. नळीने मला पकडलं." त्या बाईच आधी हसल्या. पुढचं सगळं लोण्यासारखं गेलं. नळी धरणापलीकडच्या सगळ्या दवाखान्यांत जाणार, याच वर्षी! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, तोही स्वतःच्या खिशातून. मावशी म्हणाल्या, मलेरियापेक्षा हे दुर्मिळ.

येताना रस्त्याने मोठ्याने गात आले. लोक बघत होते. बघू देत!

बुधवार, संध्याकाळ

धाकटीचा फोन. "ताई, तुमच्या साहेबांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं होतं. मलेरिया आहे गं माझ्यात. अगदी थोडा, पण आहे. गोळ्या आजच सुरू केल्या. बाळाचे ठोके ऐकवले, छान आहेत. आधीच्या दोन्ही वेळेलाही बहुतेक हाच असणार म्हणाले."

मग हळूच म्हणाली,

"म्हणजे मी काही केलं नव्हतं ना गं, ताई?"

चपला घातल्यात. निघाले तिच्याकडे.