मळ्यावरची बोली

आबा, मळ्यावरच्या घरात येऊन मला आता बरेच दिवस झाले. भादवा सरत आलाय. सकाळी दार उघडलं की कपाशीवर कोळ्यांची जाळी दवानं पांढरी झालेली दिसतात, आणि ऊन जरा वर आलं की तेच शेत असं तापतं की ओट्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळाभर ओली राहिलेली मागची भिंत वाळायला लागली आहे. विहीर काठाशी आली आहे, वाकून तांब्या बुडवावा इतकी. ज्वारीचं कणीस पोटरीतून बाहेर पडलं. वाऱ्याची दिशा बदलली की कुठून तरी ओल्या मिरचीचा वास येतो आणि मी उगाच शिंकते. तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली, आई गेली त्यालाही झाली. नोकरीतून मोकळी झाल्यापासून मी वर्षातून एकदा तरी इथं येते, आणि दरवेळी या दिवसांत मला ते एक वर्ष आठवतं. तुम्हाला त्याबद्दल कोणी कधी शाबास म्हटलं नाही. घरातल्या माणसाला शाबास म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आई परातीत आंबे घेऊन रस काढत बसली होती आणि बोलता बोलता थांबली. मी स्वयंपाकघरात आले तर तिचा उजवा हात पातेल्यात तसाच पडलेला, मनगटापर्यंत रसात, आणि ती त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पाय येईल, हातही थोडा येईल, बोलणं येईल की नाही ते मात्र सांगता येत नाही. जन्मभर पोरांना बोलायला शिकवलेली बाई. शाळेतून निवृत्त होऊन तिला फार दिवसही झाले नव्हते. मी म्हटलं, दोघांना नाशिकला घेऊन जाते, तिथं डॉक्टर आहेत, बोलण्याचे व्यायाम घेणारे आहेत. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला मळ्यावर नेतो."

"आबा, तिला बोलता येत नाही. तिथं रानात काय करणार?"

"म्हनूनच," तुम्ही म्हणालात.

तुम्ही कमी बोलणारे, असंच आम्ही धरून चाललो होतो. आईनं घरात नियम घातला होता, शाळेसारखं बोलायचं. ती स्वतः रनाळ्याची, तिच्या माहेरी सगळे अहिराणीच बोलत. पण अध्यापिका विद्यालयात पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं आणि सगळा वर्ग हसला, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं. आमच्यावर कोणी हसू नये म्हणून तिनं घराच्या उंबऱ्यापाशीच ती बोली अडवली. तुम्ही एसटीच्या डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी हात धुऊन पाटावर बसायचात आणि 'वाढ', 'पुरे', 'हं' एवढ्यावर जेवण उरकायचात. माझ्या लग्नात तुमच्या डेपोतले लोक आले आणि म्हणाले, तुमच्या वडिलांमुळे आमची पाळी हसण्यात जाते. मला वाटलं, ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा काढून आले. कोरीटच्या रस्त्यावर रिक्षातून उतरले, बांधाबांधानं चालत निघाले. पाऊस नुकताच उघडला होता, चपला चिखलात रुतत होत्या. घर जवळ आलं तसा एका माणसाचा आवाज ऐकू यायला लागला, सलग, मजेत, मध्येच स्वतःशीच हसणारा. मला वाटलं, पाहुणे आलेत. कोपऱ्यावर वळून बघते तर ओट्यावर आई खाटेवर टेकून बसलेली, तिच्या डाव्या हाताशी सुपात मुगाच्या शेंगा, आणि तिच्यासमोर तुम्ही गाईला चारा टाकताय. "हाई गाय देख, सकायपाशीन माले शिव्या दी ऱ्हायनी! सासरनी आठवन येस तिले!" आई बोलत नव्हती. पण तिच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती. मी बांधावरच उभी राहिले. तीस-पस्तीस वर्षांची झाले होते मी, आणि माझ्या वडिलांना बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

त्या महिन्यात मी तुम्हाला जवळून पाहिलं. सकाळी चूल पेटवायचात, तिला तोंड धुवायला गरम पाणी द्यायचात. केस विंचरायचात, पहिल्या दिवशी वेणी इतकी घट्ट घातली की तिच्या भुवया वर ओढल्या गेल्या, मग सैल करून पुन्हा घातलीत. भाकरी तुम्हाला कधी गोल जमली नाही. नुसत्या ज्वारीच्या पिठाची तुटायची म्हणून उडीद मिसळून कळण्याची करायला लागलात, तीही तुटायची. तुकडे दुधात कुस्करून द्यायचात आणि म्हणायचात, "नहीते भी कुस्करनीच व्हती." मी नाशिकहून बोलण्याच्या व्यायामाची चित्रं आणली होती. मला वाटलं होतं, तुम्ही ती फळीवर टाकाल. तुम्ही ती माझ्याकडून नीट समजून घेतलीत आणि रोज दुपारी तिच्यासमोर धरलीत. घर, कप, पोपट. आई मान फिरवायची. असलीच चित्रं तिनं वर्गात भिंतीवर लावलेली होती. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत आणि सोडूनही दिलं नाहीत. हाताचे व्यायामही तसेच, तिनं कण्हून हात ओढून घेतला तरी थोडं थांबून पुन्हा. बाकी सगळा वेळ बोलणं. कपाशीला बोंडं धरली, विहिरीत कासव दिसलं, शेजारच्या शेतातल्या बाईनं भेंडी दिली, सगळं तिला सांगायचं आणि तिच्या उत्तरासाठी थोडं थांबायचं. उत्तर यायचं नाही. तुम्ही ते आल्यासारखंच पुढं बोलायचात.

मग भोरड्या आल्या, साळुंकीएवढी पाखरं. दरसाल याच दिवसांत येतात, गुलाबी-काळ्या, शेकड्यांनी, आणि ज्वारीवर उतरल्या की कणसं फस्त करून जातात. दुपारची वेळ. मी भांडी घासत होते. आभाळातून चादर पडावी तसा थवा शेतात उतरला. तुम्ही तेलाचा रिकामा डबा उचललात आणि बडवत, ओरडत धावलात, एका पायात चप्पल, एक वाटेत निसटलेली. थवा सगळाच्या सगळा उठला, वळला, उन्हात चमकला. आणि माझ्या मागून आवाज आला.

"उडनात!"

मी वळले. आई खाटेवर पुढं झुकली होती, डावा हात आभाळाकडे. "उडनात! उडनात!"

तुम्ही शेतातून पळत आलात, डबा हातात तसाच. दम लागलेला. तुम्ही रडाल असं मला वाटलं. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "हाव, उडनात. पन आते येथीन परत, ध्यान ठेव." आणि डबा तिच्या डाव्या हाताशी ठेवलात. तेव्हापासून भोरड्या दिसल्या की ओरडायचं काम तिचं झालं.

त्यानंतर एकेक शब्द यायला लागला. पानी. आठे. नही. सगळे अहिराणी, सगळे रनाळ्याच्या अंगणातले, जणू शाळेआधीचे तेवढेच शाबूत राहिले होते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी तिला म्हटलं, "आई, आठे नाही, इथे म्हण. इ-थे." तिनं तोंड मिटलं. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. तुम्ही मला विहिरीपाशी बोलावून घेतलंत. आवाज चढवला नाहीत.

"तिनी जनमभर समदासनं शुद्ध कयं. आते ती जे बोली, ते शुद्ध."

एवढंच. मी मान हलवली. गावातल्या घरात तुमची बोली इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर राहिली, आणि आता तीच तिच्या कामी येत होती. 'पाहा, शेवटी हीच उपयोगी पडली' असं तुम्ही एकदा तरी म्हणालात का? चेष्टेनंही नाही. मी त्या दिवसांत वाटच बघत होते त्या वाक्याची. तुमच्या जागी मी असते तर म्हणाले असते.

आणि ती दुपार. तिला खिचडी भरवून तुम्ही ताटली विसळायला उठलात, आणि ती म्हणाली, "तू जेवना का?" सबंध वाक्य. आयुष्यात तिनं तुम्हाला कधी 'तू' म्हटलं नव्हतं, 'अहो'च्या पलीकडे ती गेलीच नव्हती. तुम्ही ताटली घेऊन उभेच राहिलात. मग म्हणालात, "नही वो. तुन्ही वाट देखी ऱ्हायनू." आणि तिच्याच खाटेवर बसून, त्याच ताटलीत खिचडी घेऊन जेवलात. मी आत गेले. तिथं माझं काम नव्हतं.

नवरात्र बसलं तेव्हा आईच्या शाळेतल्या तिघी शिक्षिका भेटायला आल्या. एव्हाना ती बरंच बोलत होती, पण त्यांना बांधावर बघताच तिनं पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. मला तिची भीती कळली. याच बायकांसमोर ती वर्षानुवर्षं परिपाठ घ्यायची. आता तोंड उघडलं तर 'शे' निघेल. बायका संकोचून ओट्यावर टेकल्या. आणि तुम्ही धुतलेला सदरा घालून बाहेर आलात, हात जोडलेत, आणि तिची शाळेतली भाषा बोलायला लागलात.

"या, बसा. तुम्ही आली ते लय बरी झाली. बाईंना इथं करमत नव्हती."

त्या तिघी खाली बघायला लागल्या. तेवढ्यात भिंतीच्या बाजूनं, पदराआडून, सावकाश, एकेक अक्षर चाचपत आवाज आला.

"बरं... झालं." मग थोड्या वेळानं, "करमत... नव्हतं."

"तेच म्हनतो मी," तुम्ही म्हणालात. "बरं झाली."

आईनं पदर काढला. हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डाव्या हातानं तुम्हाला दटावत होती. मग सगळ्याच हसल्या. थोरल्या बाई उठून तिच्याजवळ खाटेवर जाऊन बसल्या. त्या दिवशी ती दोन्ही बोलींत बोलली, एक अर्धी तुटली की दुसरी घ्यायची. तिच्या बोलण्याला कोणी हसलं नाही. तुम्ही चहा केलात, इतका गोड की पिववेना, आणि सगळ्यांनी प्यायला.

त्या गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, "आबा, मुद्दाम चुकलात ना?"

"तुन्ही मायनी मराठी माले कोठे येस?" तुम्ही म्हणालात, आणि गाईकडे निघून गेलात.

मला अजूनही कळलेलं नाही. पुढं दिवाळीपर्यंत ती काठी टेकत विहिरीपर्यंत जायला लागली, पहिल्या वेचणीला कपाशीच्या ओळीत बसून डाव्या हातानं बोंडं काढायला लागली. तुम्ही दोघं गावातल्या घरात परत गेलाच नाहीत. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे नाशिकला राहिली. नातवाचं शुद्धलेखन तपासायची, लाल पेन डाव्या हातात धरून. आणि धुळ्याकडचा एक भाजीवाला दारावर यायचा, त्याच्याशी अहिराणीत बोलत त्याला अर्धा तास सोडायची नाही. मी कधी अडवलं नाही. ते मी तुमच्याकडून घेतलं.

आबा, हा कागद कुठं पाठवणार? एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. मुलाचा रोज फोन येतो, आई, कधी येतेस? मी सांगते, वेचणीला माणसं मिळत नाहीत, ती मिळाली की निघते. माणसं कधीच ठरली आहेत. बांधापलीकडून शेजारीण सकाळी हाक मारते, "काय करी ऱ्हायनी वो ताई?" आणि मी तिला तिच्याच बोलीत उत्तर देते, अडखळत, चुकत. ती हसते. मला ते आवडतं. तेवढ्यासाठी मी थांबले आहे, आणि हे मुलाला सांगायची मला लाज वाटते.