अंगठ्याएवढा फोड

११ नोव्हेंबर

तानीला आज घरी बसवलं. चौकशी नाही, काही नाही! डहाणूच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यातून फोन आला – आमच्या खिडक्यांचा रंग फुगलाय, खाली पांढरी भुकटी. झालं. विपुलशेट म्हणे, "टाकीवर कोण होतं मॅडम? तानीच ने?" अख्ख्या कारखान्यात त्यांना तेवढीच दिसली.

१२ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच. तलासरीच्या कारखान्यातून घरी मसोलीपर्यंत एसटीत मनातल्या मनात शेटशी भांडत आले.

रंगाआधी ॲल्युमिनियमच्या चौकटी रसायनात बुडवायच्या, हे काम तानी कित्येक वर्षं करतेय. चौकट पिवळी होऊन निघते, म्हणून आम्ही तिला हळद लागली म्हणतो. ही हळद नीट बसली की खारा वारा धातूला खात नाही. आणि तानीची हळद कधी कच्ची राहत नाही. तपासणारी मी आहे ना! प्रत्येक घाण्यातली एक चौकट ओली असतानाच, हातमोजा काढून, अंगठ्याने घासून बघते. पिवळं उतरलं तर सगळा माल परत टाकीत. मग तानी चुकली म्हणजे मी काय झोपा काढत होते?

शेटना तोंडावर विचारलं. "तुमचं नाव कुठे घेतलं मॅडम," म्हणे. घ्या ना माझं नाव!

१३ नोव्हेंबर

शेटच रसायनात पाणी वाढवत असणार. दुसरं काही असूच शकत नाही.

१५ नोव्हेंबर

सुटल्यावर तानीच्या पाड्यावर गेले. अंगणात भात झोडत होती. मला बघून थांबली, पण रडली वगैरे नाही. म्हणाली, "ताई, मी ओल्याला हात नाय लावला. तुमची पाटी हाय ना तिथं." ती पाटी मीच लिहिलेली – 'ओल्या मालाला हात लावू नये'. फार लाज वाटली मला, आमच्या कारखान्याची.

म्हटलं, तू बिनघोर राहा. रविवारी मी स्वतः त्या बंगल्यावर जाते आणि शेटचं पाप उघडं पाडते.

१७ नोव्हेंबर

बंगल्यावर गेले. बहुतेक खिडक्या धडधाकट. तीनच खराब. प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्यात एकच फोड, लांबट. अंगठा टेकवून पाहिला. बरोब्बर बसला.

तानीचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही.