होडी वाळेपर्यंत

बुधवार, २३ एप्रिल

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशीलच. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींची कंबर पुन्हा धरली आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ एकदाचा बदलला. आईचं जेवण जरा कमी झालंय.

तलावावरच्या आमच्या होड्या-तपासणीच्या नाक्यावर गर्दी आहे. सुट्ट्या लागल्या की जो तो गाडीमागे होडी बांधून निघतो. मी वाकून तळ चाचपते, मोटरीत साचलेलं पाणी काढायला लावते, तेव्हा लोक असे बघतात जणू त्यांचे खिसेच तपासतेय. परवा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तलाव काय तुमच्या माहेरचा आहे?" मी म्हटलं, "हो. आई इथंच राहते."

त्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत होते. तू आईला पुढच्या सीटवर बसवून आणलंस, मागे होडी. बाबा जिथे जाळं टाकायचे, त्या मधल्या पाण्यात तिला एकदा जायचं होतं. हे मला माहीत होतं. तरी होडीच्या मोटरीच्या पट्टीमागे बोट फिरवलं, आणि तो शिंपला हाताला लागला. नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा.

"एकच तर आहे, ताई," तू म्हणालास. "आईकडे बघ जरा."

मी बघितलं नाही. "होडी परत ने. गरम पाण्यानं धू, महिनाभर उन्हात वाळव, मग आण." हाताखालची माणसं ऐकत होती, म्हणून आवाज नको तेवढा कोरडा निघाला. तू आईला घरी सोडलंस आणि चहासुद्धा न घेता गेलास.

तुमच्या गावच्या तलावाचं काय झालं ते तू रोज बघतोस. अशाच कुणाच्या तरी होडीला चिकटून हे शिंपले तिथं आले असणार. आता नळ शिंपल्यांनी तुंबतात, काठावर अनवाणी पाय टाकता येत नाही, पाण्यात माशांना खायला उरलं नाही. एकदा घुसले की ते निघत नाहीत. तशी होडी उद्या पुन्हा आली तर मी पुन्हा थांबवीन. त्याबद्दल माफी मागणार नाही. आवाजाबद्दल मागते.

वाटलं होतं, आई तुझी बाजू घेईल. ती एवढंच म्हणाली, "त्यानं त्याच्या मायेनं केलं, तू तुझ्या कामानं. आता माझ्यावरून भांडू नका."

मग गेल्या रविवारी मी तिला तलावावर नेलं. शेजारच्या जाळेवाल्या काकांच्या होडीतून. ती होडी या पाण्याबाहेर कधी गेलेलीच नाही. मी आणि काकांनी तिला उशांना टेकवून बसवलं. मधोमध पोचल्यावर तिनं हात पाण्यात सोडला. काठ जवळ आल्यावर म्हणाली, "मी येऊन गेले हे धाकट्याला सांगू नकोस. त्याला वाटू दे, मला न्यायचं राहिलंय. म्हणजे तो येईल."

मी हो म्हटलं होतं. आज तो शब्द मोडतेय, कारण काल तू भावोजींना फोनवर म्हणालास, "होडी वाळली की येतो."

धाकट्या, सोमवारपासून आई उठलेली नाही. पाणी चमच्यानं पाजावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या. भावोजी तुला कालच सांगणार होते, मीच त्यांना खुणेनं थांबवलं. हे तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं, आणि माझा फोन तू उचलत नाहीस. म्हणून पत्र त्यांच्याच हाती पाठवतेय. तुला घेऊन यायला ते बाहेर गाडीत बसले असतील.

अंगावर असेल त्या कपड्यांनिशी नीघ. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. तिच्या उशाशी बस. आणि तलावाचा विषय निघाला, तर तुला काही ठाऊक नाही. तू तिला नेणार आहेस, असंच सांग.

दार नुसतं लोटलेलं असेल.

तुझीच,
ताई