सावकाश ये, घाई करू नकोस

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा संशय काही गेलेला नाही. आणि संशय घ्यायला मी शिकले तुझ्याकडूनच. दूधवाल्याच्या तोंडावर तू दुधात बोट बुडवून ते नखावरून कसं ओघळतं ते बघायचीस. नवरा असूनही दादांना सूट नव्हती, ते फॅक्टरीतून उशिरा आले तर विचारायचीसच, पण लवकर आले तरी विचारायचीस, "आज कसे काय लवकर?" राहात्याच्या बाजारात तुला लांबून येताना पाहिलं की भाजीवाल्या आपापली वांगी झाकायच्या, असं आम्ही दोघी बहिणी म्हणायचो. अशी तू, आणि चोविशीतली, लग्न न झालेली तुझी थोरली मुलगी एकटीनं सायकलवर समुद्र बघायला जाते म्हणाली, तेव्हा एका शब्दात "जा" म्हणून मोकळी झालीस.

दिवाळीची सुट्टी होती. दुष्काळ नुकताच सरला होता, त्या साली पाऊस बरा झाला होता, आणि तुळशीचं लग्न लागल्यावर गावात जिकडेतिकडे सोयरिकींची बोलणी सुरू झाली होती. मला बघून दोन-तीन स्थळं चहा पिऊन, "कळवतो" म्हणून गेली होती आणि त्यांनी काही कळवलं नव्हतं. माझा रंग, माझी उंची, माझी मास्तरकी, कशावर तरी घोडं अडायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तू बाजरी चाळतेयस. मी पाठ करून आले होते की शाळेतले पुरुष शिक्षक सुट्टीत असे जातात, मी भूगोल शिकवते आणि मी समुद्र पाहिलेला नाही, रोज शाळेला सायकलवर जातेच की. त्यातलं एक वाक्यही बोलावं लागलं नाही. तू चाळण थांबवली नाहीस. म्हणालीस, "जा. पण पुढच्या रविवारच्या आत येऊ नकोस. सावकाश ये, घाई करू नकोस." इतरांच्या आया विचारतात, कधी येशील. माझी आई सांगत होती, कधी येऊ नकोस. तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण जायला मिळतंय या आनंदात मी ती हाकलून दिली.

"दादांना?" मी विचारलं. "त्यांना मी सांगते." आणि मी निघाले तेव्हा दादा कामावर होते, हेही तूच जमवून आणलंस. निघताना ट्रंकेतून काळी पोत काढून तू माझ्या गळ्यात घातलीस, खोटे मणी आणि मधे पितळेच्या दोन वाट्या. कुमारिकेनं काळ्या मण्यांना हातसुद्धा लावू नये म्हणणारी तू! "कोणी विचारलं तर सांग, मालक बसनं पुढं गेलेत," म्हणालीस. धाकटी मागं उभी राहून फिदीफिदी हसत होती. तू तिच्याकडं असं बघितलंस की ती गप्प झाली.

लोणीच्या पुढं उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. मी निऱ्यांना पिना मारून, पदर खोचून, कडेकडेनं चाललेय आणि प्रत्येक गाडीवान मागं वळून रस्ता तपासतोय. एकानं तर विचारलंच, "बाई, मागं कोन हाय?" मी म्हटलं, "मालक पुढं गेलेत." तो म्हणाला, "पुढं तर कुनी न्हाई गेलं, मी सकाळधरनं हितंच हाय." संगमनेरला पोचेपर्यंत माझे हे मालक कधी बसनं, कधी ट्रकनं, एकदा तर मोटारसायकलनंही पुढं गेले. खोटं बोलायला मला मजा येऊ लागली होती. संगमनेरला आत्याचं घर रस्त्यावरच, पण तू बजावलं होतंस की तिच्याकडं थांबू नकोस, ती बोलत बसते. मी धर्मशाळेत उतरले. अकोले गाव सोडल्यावर डोंगर जवळ आले, भात कापणीला आलेलं, उतारावर नागली पिकलेली, आणि हवेला असा वास की चढावर उतरून सायकल ढकलतानाही मी गात होते. आपल्याच जिल्ह्यात एवढं हिरवं आहे हे मुलांना नकाशात दाखवूनही मला माहीत नव्हतं.

राजूरच्या अलीकडं एका म्हातारीच्या चहाच्या टपरीपाशी थांबले. मागच्या बाजूलाच तिचं घर. अंधारून येत होतं, म्हणून तिनंच राहायला सांगितलं. चुलीपुढं बसवून तिनं मला भाकर वाढली आणि माझ्या पायांकडं बघत म्हणाली,

"गळ्यात पोत हाय आन् पायात जोडवी न्हाईत. लगीन कंच्या देवळात लावलं गं?"

मी पाय साडीत ओढून घेतले. इतक्या लोकांना फसवलं आणि इथं सापडले. "पळून चाललीस व्हय?" तिनं विचारलं. मग मी खरं ते सांगितलं, की लग्न झालेलं नाही, समुद्र बघायला निघालेय, पोत आईनं घातली, आईनंच जा म्हटलं, आणि रविवारच्या आत येऊ नकोस म्हटलं.

म्हातारी भाकर थापायची थांबली. "आय आसं धाडत न्हाई, पोरी. घरी पावनं येनार आसत्याल. धाकली भैन हाय का तुला?"

"आहे."

"तुझ्यापरीस उजळ?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"मग झालं तर," ती म्हणाली, "खा, गार हुतीय."

तुझ्याइतकीच संशयी बाई होती. पण तिनं ते म्हटलं आणि सगळं जुळलं. धाकटीला बघायला येणार, आणि घरात थोरली बिनलग्नाची बसलेली दिसली की पाहुणे विचारणार, हिचं का नाही झालं, काही खोट आहे का. त्यापेक्षा ती नजरेआडच बरी. म्हणून सावकाश ये. म्हणून घाई करू नकोस. दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या धरणाशी सायकल टेकवून मी कितीतरी वेळ बसले होते. समोर एवढं पाणी, त्यात डोंगर उलटे उभे, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते आपलं घर, सतरंजी झटकलेली, धाकटी तुझी मोरपंखी साडी नेसून बसलेली. तिथून मागं फिरले असते तर मी शनिवारी घरात हजर होते, आणि रविवारी पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा मीच आणून ठेवल्या असत्या. मनात तेच होतं. पण घोटीच्या बाजूला उतार होता, आणि माझा राग असा की थांबायला तयार नव्हता. मी पुढं गेले, आई. समुद्राच्या ओढीनं नाही, तुझ्यावरच्या रागानं गेले. कसाऱ्याचा घाट तर ब्रेक दाबून दाबून हात वळेपर्यंत उतरले आणि रडत उतरले. ट्रकवाल्यांना वाटलं असेल, डोळ्यांत धूळ गेली.

वसईच्या बाजूला किनाऱ्यावर पोचले तेव्हा समोर समुद्र नव्हताच. लांबच लांब चिखल, आडवे पडलेले मचवे, आणि पार टोकाला एक चकचकीत रेघ. मला वाटलं, इथंही फसवणूक. भूगोलाच्या बाई, भरती-ओहोटी मुलांकडून घोकून घेणाऱ्या, पण त्या क्षणी मला ते सुचलंही नाही. बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळणीला विचारलं, "समुद्र कुठाय?" ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "जातो कुठं? येईल. बस," म्हणाली. मी बसले. आणि तो आला, अगदी हळूहळू, एकेक मचवा उचलत आला. माझी चप्पल भिजली तरी मी उठले नाही. फार सुंदर होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, आणि मी रागात होते.

सायकल एस.टी.च्या टपावर चढवून सोमवारी घरी आले. तू म्हणालीस, "आलीस? पाय धू." धाकटीची सुपारी फुटली होती. शेजारच्या काकूंनी मला आडोशाला घेऊन सांगितलं, "तुझ्या आईनं बरोबर तुला बाजूला काढलं हो." दादा तुझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, ते मला एकटीला जाऊ दिलं म्हणून, अशी मी समजूत करून घेतली. पुढं माझं लग्न झालं नाही, आणि मग मीच करायचं नाही असं ठरवलं. शाळा होती, सायकल होती, वाईट काही गेलं नाही. पण तुझ्या हातचा चहा घेताना दर वेळी मनात यायचं, हिनं मला घराबाहेर काढलं होतं. एकदाच तुला विचारलं, मला का जाऊ दिलं होतंस. तू म्हणालीस, "तू विचारायला आली होतीस म्हणून. नसतं जायचं तर विचारायचं नाही." आणि वरून मलाच रागावलीस.

मागच्या महिन्यात धाकटी राहायला आली होती. शेंगा सोलता सोलता सहज बोलून गेली की ते पाहुणे तिला बघायला आलेच नव्हते. दादांनी फोटो पाठवला होता तो माझा. तिकडून होकार जवळजवळ आलेला होता, नुसतं बघायचं बाकी होतं. दादांना तू सांगून ठेवलं होतंस की मी संगमनेरला आत्याकडं गेलेय, शनिवारी येते. रविवारी पाहुणे बसले, त्यांनी मुलीला बोलवा म्हटलं, आणि तू स्वयंपाकघराच्या दारातून बोललीस, "ती नाही घरी. एकटी सायकलवर समुद्र बघायला गेलीये." मुलाचे काका उठून उभे राहिले. दादांचा चेहरा पडला. मग त्यांनीच घाईघाईनं धाकटीला पुढं केलं. "तू समुद्र बघितलास, मी सासू," ती म्हणाली आणि हसली, पण शेंगा जरा जोरात फोडू लागली.

म्हणजे तू मला सोडवलंस? की चांगलं स्थळ हातचं न घालवता तुझ्या लाडकीकडं वळवलंस? धाकटीला मी खोदखोदून विचारलं, आईनं ते कसं म्हटलं, आवाज कसा होता. "मोठा होता. पण आईचा आवाज नेहमीच मोठा असायचा." आणि चेहरा? "मी आत चहा गाळत होते गं, मला चेहरा कुठून दिसणार!" आता मला धाकटीचाही संशय येतो. म्हातारपणी बहिणीला बरं वाटावं म्हणून तिनं हे रचलं नसेल कशावरून?

तिची मोठी नणंद त्या दिवशी पाहुण्यांत होती, अगदी दारासमोर बसली होती. ती अजून आहे, सोनईला लेकाकडं असते, कान-डोळे शाबूत आहेत. सकाळच्या एस.टी.नं निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. धाकटीनं तिचा फोन नंबरही दिलाय. तू ते वाक्य म्हणालीस तेव्हा तुझ्या तोंडावर काय होतं, हे सांगू शकेल असं जगात तेवढं एकच माणूस उरलंय.

मी फोन केलेला नाही, आणि करणार नाही. खरं सांगू? एवढी वर्षं भाजी निवडताना, दूध तापवताना मी तुझ्याशी याच एका गोष्टीवरून भांडत आलेय. संशय फिटला, तर मग तुझ्याशी काय बोलू?