टेंभुर्णीची पिन

३ मार्च, सोम.
निवृत्त भूगोलाच्या बाईला दुसरं काय सुचणार! वंशावळीचं सॉफ्टवेअर घेतलंय. माणूस भरा, गाव भरा, नकाशावर पिन उभी. पणजोबा, आजोबा, बाबा सगळे मंगळवेढ्यात दाटीवाटीनं. आईला अक्कलकोटला टोचलं तर बाईसाहेब रुसल्या. "मला तितं कशाला टाकलीस? लगीन झाल्यावर मी मंगळवेढ्याचीच की." म्हटलं, जन्म कुठला ते विचारतंय. "त्याला काय करायचंय?"

५ मार्च, बुध.
बाबांची माहिती भरून झाली. जन्म मंगळवेढा, दुकान सोलापुरात भवानी पेठेत, धंदा चादरींचा. दर गुरुवारी माल घेऊन टेंभुर्णी, मुक्काम तिथंच. टेंभुर्णीला पिन टाकावी? धंद्याच्या गावाला कशाला, म्हणून सोडली.
पुढच्या बुधवारी बाबांची पुण्यतिथी. समाधीला जायचं ते दुपारीच, आईचं ठरलेलं. सोलापूरचं ऊन आणि दुपार! पण हट्ट म्हणजे हट्ट. तिथला राखणदार भला. आम्ही पोचेपर्यंत समाधी धुऊन, विभूती लावून, बेल वाहून ठेवतो. दरवर्षी त्याला चहा पाजते.

६ मार्च, गुरु.
सॉफ्टवेअर म्हणतं, तुमच्या वंशवृक्षातला एक माणूस दुसऱ्या कुणाच्या झाडातही आहे. बाबांचं नाव. जन्म मंगळवेढा, साल तेच. मृत्यू सोलापूर, तारीख तीच. वास्तव्य टेंभुर्णी.
पत्नी शांताबाई, वारलेल्या. मुलं दोन. हयात माणसांची नावं झाकतात, म्हणून नुसतं 'मुलगा', 'मुलगी'.
नावासारखं नाव असतं. मंगळवेढ्यात काय कमी आहेत? पण तारीख...

७ मार्च, शुक्र.
त्या झाडातला फोटो उघडला. बाबा. कुणाच्या तरी अंगणात, बाजेवर, मांडीवर बाळ, खाली नुसतं 'मुलगा'. अंगात चॉकलेटी स्वेटर, डावी बाही आखूड.
तो मी विणलाय. कॉलेजात, पहिलावहिला. एस.टी.त राहिला म्हणाले होते. किती रडले होते मी, आणि बाबांनीच समजूत काढली होती.
जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय.

९ मार्च, रवि.
संताप संताप होतोय. मी एकुलती. भाऊ नाही म्हणून जन्मभर भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. बाबा शेजारी उभे असायचे, माझं निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून. कसं जमलं त्यांना? आत्या म्हणायची, "पोरगा न्हाय बिचाऱ्याला," आणि हा माणूस खाली मान घालून चहा प्यायचा!
त्या झाडवाल्याला निरोप पाठवायची सोय आहे. लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. पुसला.
आईला कळता कामा नये. या वयात तिला सोसायचं नाही. सध्या एवढं एकच ठरवलंय.

११ मार्च, मंगळ.
फुलं आणायला निघताना सहज म्हटलं, उद्या सकाळीच जाऊन येऊ, ऊन फार आहे.
आई बेल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी नको. सकाळी टेंभुर्णीची येत्यात की. त्यांचं होऊ दे, मग आपुन."
मी दारातच. हातात रिकामी पिशवी.
"आन् फुलं लई आणू नगंस. समाधीवर जागा उरत न्हाय."
कधीपासून माहीत आहे, विचारलं. "तू कालेजात होतीस." बेल निवडत राहिली.
मी तिच्यापासून लपवत होते! आणि तो राखणदार. समाधी धुऊन जायचे ते, आणि हा इतकी वर्षं निमूटपणे माझा चहा पीत आला.

१२ मार्च, बुध.
सकाळी चपला घातल्या. आई गॅसपाशी.
"कुटं?"
"समाधीला."
बघत राहिली. वाटलं, आता अडवते. आत वळली, डबा भरून आणला. नैवेद्याची हुग्गी, गव्हाची खीर.
"ने. एवढ्या लांबनं उपाशीच येत असतील."
"तू चल."
"मी दुपारी." म्हणजे दुपारीच.
पायरीवर बसून हे खरडतेय. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. डबा मांडीला चटके देतोय. मी त्या भावाहून मोठी, एवढं त्या फोटोवरून कळतं. नाव सुद्धा माहीत नाही. समोर गेल्यावर हाक काय मारायची ते